अपू-त्रयी घरी आणताना: ब्लू-रे घ्यावी की फोर-के?

सत्यजित राय यांचे 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपूर संसार' (१९५९) हे अपू नावाच्या मुलाची कथा सांगणारे तीन चित्रपट संग्रही ठेवायचे ठरवले, तर आज निवड मुख्यतः अमेरिकेतील क्रायटेरियन कंपनीच्या दोन संचांमध्ये करावी लागते: २०१५ साली आलेला ब्लू-रे संच आणि त्यानंतरचा, ब्लू-रेपेक्षा अधिक बारकाईचे चित्र देणारा फोर-के संच. फोर-के संचात त्या डिस्कसोबत ब्लू-रे डिस्कही दिलेल्या आहेत. दोन्ही संचांचा पाया मूळ फिल्मच्या एकाच जीर्णोद्धाराचा असल्याने नव्या संचासाठी जास्त पैसे का मोजावेत, हा प्रश्न रास्त आहे.

तो जीर्णोद्धार किती बिकट होता, हे आधी सांगायला हवे. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि तिथे ठेवलेल्या या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. कुठल्याही यंत्रातून जाणार नाहीत अशा अवस्थेतले ते अवशेष ऑस्कर अकादमीने टाकून न देता जपून ठेवले, आणि वीस वर्षांनी इटलीतील बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी फिल्मला पुन्हा ओलावा देऊन, वितळलेला डिंक खरवडून आणि कडेची तुटलेली भोके हाताने सांधून त्यांतला बराच भाग स्कॅन करण्याजोगा केला. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने मूळ निगेटिव्हमधून मिळाला. उरलेला भाग, तसेच 'अपूर संसार' संपूर्ण, निरनिराळ्या संग्रहालयांतील जुन्या प्रतींवरून घ्यावा लागला. त्यामुळे काही दृश्यांत चित्राचा पोत बदललेला जाणवतो, पण तो दोष मानणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

मोठा पडदा असेल तर फोर-के प्रतीत फरक दिसतो, आणि तो सर्वाधिक 'अपराजितो'मध्ये. काशीतल्या घराचे अंगण स्टुडिओत उभारलेले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यावर पांढरे कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला आणि आभाळातून झिरपणाऱ्या सावलीविरहित प्रकाशाचा भास निर्माण केला. त्या प्रकाशातल्या करड्या रंगाच्या बारीक पायऱ्या फोर-केमध्ये अधिक मोकळ्या होतात. 'पथेर पांचाली'तल्या वृद्ध इंदिर ठाकरूणच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांबद्दलही हेच म्हणता येईल. मात्र ४०-४२ इंचांच्या टीव्हीवर आठ-दहा फुटांवरून पाहणाऱ्याने केवळ चित्रासाठी जादा खर्च करू नये.

भारतातल्या ग्राहकासाठी खरी मेख प्रदेश-संकेतात, म्हणजे डिस्क कोणत्या विभागाच्या प्लेअरवर चालेल हे ठरवणाऱ्या खुणेत आहे. ब्लू-रेच्या वाटणीत अमेरिका 'ए' विभागात येते आणि भारत 'सी' विभागात, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर क्रायटेरियनची ब्लू-रे चालत नाही. फोर-के डिस्कला असे बंधनच नाही. म्हणजे नव्या संचातले तिन्ही चित्रपट भारतीय फोर-के प्लेअरवर बिनदिक्कत लागतील, पण सोबतच्या ब्लू-रे डिस्कवरची पुरवणी कुलूपबंद राहील. ती पुरवणी दुय्यम मुळीच नाही: 'अपूर संसार'मधले कलाकार सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांच्या मुलाखती, १९५८ सालचे राय यांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण, जीर्णोद्धारावरची चित्रफीत, असा तो ऐवज आहे.

म्हणून माझे मत असे की ज्यांच्याकडे सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर आहे, त्यांनी २०१५ चा संच स्वस्तात मिळाल्यास निःशंकपणे घ्यावा. ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे, त्यांनी मोठा पडदा घेईपर्यंत बदलू नये. आणि ज्यांच्याकडे इथला साधा फोर-के प्लेअर आहे, त्यांना पुरवणीवर पाणी सोडूनही नवाच संच घ्यावा लागेल. मी स्वतः तो घेतला, कारण माझ्या प्लेअरने दुसरा मार्गच ठेवला नव्हता. मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा.

उपशीर्षके इंग्रजीत आहेत आणि ती वाचनीय आहेत, परंतु तिसऱ्या चित्रपटाच्या इंग्रजी नावात अपूचे नुसते 'जग' उरते. मूळ नावातला 'संसार' आपल्याला मात्र कोणी उलगडून सांगावा लागत नाही.