वेल्डिंग मशीन ५,९९९ ला मिळतंय म्हणून घेऊ नका. मी घेतलंय.

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. आयटीआय फिटर आहे, एमआयडीसीत मेंटेनन्सला १९ वर्षं काढलीत. वेल्डर नसलो तरी रॉड धरता येतो. त्यामुळे "नीट बघून घ्यायचं ना" हे वाक्य बायकोकडून पुरेसं ऐकलंय, तुम्ही नका ऐकवू.

घराला गेट आणि जिन्याला रेलिंग करायचं होतं. गावातल्या फॅब्रिकेटरनं ४८,००० सांगितले. म्हटलं, माल आणून आपणच करू, मशीनही घरी राहील. तालुक्याच्या दुकानात बऱ्या कंपनीचं २०० अँपियरचं इन्व्हर्टर मशीन ९,२०० ला होतं, पक्क्या बिलासह. तेच उचलायला हवं होतं. पण त्याच रात्री मोबाइलवर जाहिरात आली: ३०० अँपियर, आयजीबीटी (म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक स्विच), सोबत हेल्मेट, होल्डर, अर्थिंग क्लॅम्प आणि ग्राइंडर फ्री. ५,९९९. गोडाऊन खाली करायचंय, फक्त ४० नग शिल्लक. पुढचं सगळं तुम्हाला पाठच असेल.

व्हॉट्सॲपवर एकजण गोड बोलायला लागला. "सर, फॅक्टरी राजकोट में है, केबल फुल कॉपर." बुकिंगचे ९९९ यूपीआयवर घेतले. दोन दिवसांनी ट्रान्सपोर्टचे ४५०. बाकी ५,००० माल दारात आल्यावर. दारात आल्यावर पैसे द्यायचे म्हटल्यावर मला वाटलं, यात फसायचं काय? फसायचं ते यातच आहे. कुरिअरचा पोरगा म्हणाला, "काका, आधी पैसे, मग खोका." खोका जड होता. दिले.

आता ती जागा सांगतो, जिथं मला कळायला हवं होतं. ती आठवली की अजून पोटात कालवतं.

पैसे पाठवायच्या आधी त्यानं मशीन चालवून दाखवल्याचा व्हिडिओ पाठवला होता. मी तो तीनदा बघितला. माणूस झकास वेल्ड मारतोय, पट्टीवर मणी (वितळलेल्या रॉडची रेघ) सरळ. आणि मशीनच्या मागून निघालेल्या वायरीला कसला थ्री-पिन टॉप? इस्त्रीला असतो तो. बारीक पिनांचा, ६ अँपियरचा. असले टॉप मी आयुष्यात शेकड्यांनी बदललेत. ३०० अँपियरला आर्कचं व्होल्टेज ३२ धरतात, म्हणजे ९,६०० वॅट नुसते बाहेर. घरातल्या मोठ्या १६ अँपियरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला ३,६८० च्या वर काही निघत नाही. ६ अँपियरच्या टॉपमधून १,३८०. हा हिशोब आमच्याकडचा शिकाऊ पोरगासुद्धा बोटांवर करेल. मी काय केलं? टॉप बघितला आणि मनात म्हटलं, "आल्यावर मोठा लावू."

मला टॉप दिसला नाही असं नाही, दिसला होता. ३,२०१ रुपये वाचत होते म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढलं.

बिलाचंही तेच. जीएसटी नंबर २४ नं सुरू झाला तर गुजरात, २७ नं तर महाराष्ट्र. ह्यांची फॅक्टरी राजकोटची आणि नंबर ०७ चा, म्हणजे दिल्लीचा. जीएसटीच्या साइटवर तो नंबर फुकट तपासता येतो, मी तपासला पैसे गेल्यावर. कपड्याचं दुकान निघालं.

मशीन लावलं. हिरवा दिवा लागला, पंखा फिरला. एक इंची चौकोनी पाइपवर १२ नंबरचा (अडीच मिलिमीटरचा, नंबर वाढला की रॉड बारीक) रॉड टेकवला तर चिकटला. नॉब फुल केला, परत चिकटला. रॉड कोरडे, पाइप घासलेला, अर्थिंग पक्कं. कंपनीतून डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर, मागून आणला (असल्या मशीनमधून डीसी निघतो आणि साधा क्लॅम्प डीसी दाखवत नाही, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी). नॉब ३०० वर, मीटरवर ६२. केबल ब्लेडनं खरवडली, वर तांब्याचा रंग आणि आत पांढरंफटक ॲल्युमिनियम. चार स्क्रू काढून कव्हर उघडलं तर तळाला फरशीचा तुकडा चिकटवलेला. वजनाला. ग्राइंडर तर खोक्यात नव्हताच.

इथं तरी थांबावं की नाही? त्यांना फोन केला, "सर, सॉरी, रिप्लेसमेंट भेज देंगे, पिकअप चार्ज १,००० और जीएसटी." दिले १,१८०. १८ टक्के जीएसटी बरोबर लावला होता, त्यामुळे माणूस खरा वाटला. हसू नका. त्यानंतर नंबर बंद. एकूण ७,६२९.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी "हे सायबरचं, जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेलो, तर "माल मिळालाय ना? मग आधी तुमच्या ठाण्यात अर्ज द्या." परत ठाण्यात. तिथं एका हवालदारांनी सांगितलं, मशीन घेऊन या. २२ किलोमीटर गाडीवर पुढ्यात मशीन ठेवून गेलो. त्यांनी स्वतः टॉप सॉकेटात घातला. लगेच बसला, बारीकच ना तो. हिरवा दिवा, पंख्याचा आवाज. म्हणाले, "चालतंय की! मग फसवणूक कुठं झाली?" मी अँपियर समजावायला लागलो. त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही; शिक्का साहेबांच्या कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त पोचवतो, पाठवणाऱ्याचा पत्ता सांगता येत नाही. माझे ५,००० ज्यांनी मोजून घेतले, त्यांना ते कुणाला दिले हे सांगता येत नाही! बँकेनं फॉर्म दिला, भरला, मग म्हणाले की पैसे तुम्हीच पाठवलेत. मग कुणी पाठवायला हवे होते?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० नंबरला, फोन लगेच करायचा असतो, पैसे पुढं सरकायच्या आत. मी केला अठराव्या दिवशी, ती चूक माझी. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण नोटीस पाठवू कुणाच्या पत्त्यावर? कपड्याच्या दुकानाच्या?

मशीन दुकानातच घ्या. जाताना स्वतःचा पाइप आणि १० नंबरचे रॉड न्या, लागोपाठ तीन जाळून बघा. मशीनवरची पाटी वाचा: इनपुट करंट किती, ड्यूटी सायकल किती. ६० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. पाटीच नसेल तर दुकानातून बाहेर पडा. घरच्या गेट-ग्रिलला २०० चं खरं मशीन भरपूर झालं. १२ नंबरला ७०-८० अँपियर लागतात, ३०० कशाला हवेत? जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मर मशीन घेत असाल तर वाइंडिंग (आतल्या तारेचे वेढे) तांब्याचं म्हणून ॲल्युमिनियमचं गळ्यात मारतात, टोक खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खोका उघडू देत नसतील तर परत पाठवा, लाज वाटू देऊ नका. मला त्या पोरासमोर लाज वाटली.

शेवटी ९,२०० चंच आणलं. सासरी मात्र यातलं कुणाला काही बोललो नाही. परवा मेहुण्यानं व्हॉट्सॲपवर तीच जाहिरात पाठवली, व्हिडिओ तोच, टॉप तोच, किंमत आता ५,४९९. खाली लिहिलंय, "दाजी, तुम्हाला यातलं कळतं, घेऊ का?"