कुरणातल्या जंतांवर बुरशीचा उतारा: बायोवर्मा

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात उन्हाळी पाऊस सुरू झाला की मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्या आम्हा सर्वांना बार्बर्स पोल या रक्तपिपासू जंताची धास्ती असते. त्याची एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते, आणि जनावराच्या पापणीची आतली बाजू पांढरीफटक पडून जबड्याखाली सूज येईपर्यंत अनेकदा काही लक्षातही येत नाही. जंतनाशकांना दाद न देणारे जंत ऑस्ट्रेलियात फार पसरले असल्यामुळे, 2018 मध्ये इथे मान्यता मिळालेले, रोजच्या खुराकातून द्यायचे बायोवर्मा मला गरजेचे वाटले.

यात डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू असतात. ते जनावराच्या पोटातून न पचता लेंड्यांबरोबर बाहेर पडतात, तिथे रुजतात आणि चिकट तंतूंची जाळी विणतात. अंड्यातून निघालेली अळी त्या जाळ्यात अडकली की तंतू तिच्या शरीरात शिरून तिला पचवून टाकतात. त्यामुळे गवताच्या पात्यावर चढून पुन्हा जनावराच्या पोटात जाणाऱ्या अळ्या घटतात. पोटात आधीच असलेल्या जंतांना मात्र याने काहीही होत नाही. खुराक सुरू केल्यावर लेंड्यांच्या तपासणीत अंडी लगेच कमी दिसली नाहीत म्हणून काही जण नाराज होतात, पण ती अपेक्षाच चुकीची आहे. जंतभार जास्त असेल तर आधी लागू पडणारे औषध पाजून मगच हा खुराक सुरू करावा.

मात्रा दर किलो वजनामागे रोज 30,000 बीजाणू इतकी आहे. आम्ही लिव्हामॉल या पूरक खाद्यात मिसळलेला प्रकार वापरतो, म्हणजे 50 किलोच्या मेंढीला रोज 50 ग्रॅम. खरी कसोटी गव्हाणीपाशी लागते: दांडगी मेंढी दुसरीला ढकलून तिचाही वाटा खाते, आणि ज्या कोकरांना संरक्षण हवे तीच मागे राहतात. गव्हाण लांबलचक ठेवून कोकरांना वेगळे चारले, तेव्हाच मला हा खर्च सार्थकी लागल्यासारखा वाटला. खाडे करून चालत नाही, कारण खुराक थांबला की नव्या लेंड्यांत बीजाणू उरत नाहीत.

किंमत चढी आहे, म्हणून मी तो वर्षभर देण्याच्या विरुद्ध आहे. उबदार, ओलसर महिन्यांत, विणीच्या आसपासच्या मेंढ्यांना आणि दूध तुटलेल्या कोकरांना तो जरूर द्यावा; कोरड्या दिवसांत अळ्या कुरणात आपोआपच मरतात. दूध-मांसासाठी थांबण्याची मुदत पाळावी लागत नाही, ही दुभत्या शेळ्यांच्या मालकांसाठी मोठी सोय आहे. महाराष्ट्रातही पावसाळ्यात हाच जंत शेळ्या-मेंढ्यांना छळतो. तिथल्या बंदिस्त शेळीपालनात रोज मोजून खुराक देणे जमण्यासारखे आहे, पण रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांच्या कळपांना ही पद्धत परवडेल असे मला वाटत नाही.