सिमवाला सोलर कॅमेरा घेतला घोडीसाठी, कामात आलं मांजर

पाचपैकी अडीच स्टार देतो, अन् त्यातला एक मांजराचा आहे, काहून ते खाली सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. या टाइपचे कॅमेरे आतून सगळे सारखेच, डब्बा तेवढा बदलतो.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, कोठा (जनावरांचा गोठा) शेतात, घरापासून दीड किलोमीटर. तिथं बैलजोडी, एक गाय अन् दोन मिनी घोड्या, चिमणी अन् मैना. मिनी म्हणजे टट्टू नाही बरं का, खांद्यापाशी 34 इंचाच्या आतली वेगळी जात आहे, आपल्या कमरेलाही लागत नाही. वाढदिवसाला, शाळेच्या गॅदरिंगला नेतो मी त्यांना. चिमणी सात वर्षांची आहे तरी प्रत्येक कार्यक्रमात एक तरी आजी विचारतेच, "किती गोड पिल्लू, मोठं कधी होईल हे?"

तर चिमणीला 6 फेब्रुवारीला घोडा दाखवला होता. घोडीचे दिवस साधारण 340 धरतात, मिनी त्याच्या थोडं आधीही व्याते, म्हणजे माझ्या हिशोबाने जानेवारीचा पहिला नाही तर दुसरा आठवडा. पण नोव्हेंबरच्या शेवटीच कास भरायला लागली. ती भरायला पाहिजे शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले वारेला (पोटात पिल्लाभोवती असते ती झिल्ली) इन्फेक्शन असलं की कास अशी लवकर उतरते अन् घोडी दिवसांच्या आधी व्याते, 320 दिवसांच्या आत आलं तर शिंगरू कच्चं समजायचं. औषधं सुरू केली अन् सांगितलं, रात्री लक्ष ठेवा, घोड्या बहुतेक रात्रीच व्यातात. आता रात्री लक्ष ठेवा म्हणणं सोपं आहे, दिवसभर कापूस वेचणीच्या बायांमागे फिरायचं, संध्याकाळी मोजमाप, अन् मग थंडीत कोठ्यात जागल, दोन रात्री केली अन् तिसऱ्या दिवशी गाडीवर डुलकी लागली तेव्हा बायकोनेच हा कॅमेरा मागवला.

किंमत साडेतीन हजार, मेमरी कार्ड अन् सिम वेगळं. आधी चांगलं सांगतो. बसवायला एक तास लागला, चार स्क्रू अन् वर छोटं सोलर पॅनल, शेतातली लाइट कधी दिवसा कधी रात्री त्यामुळे सोलरच पाहिजे होतं, अन् धुकं होतं त्या दिवसातही बॅटरी 70 च्या खाली गेली नाही. रात्रीचं चित्र काळंपांढरं पण एकदम साफ, घोडीचे कान कुठे आहेत तेही दिसते. सिम घेताना एक करा, आपल्या कोठ्यात उभं राहून कोणत्या कंपनीचं नेटवर्क धरते ते आधी पाहा, गावात फुल असलेलं सिम माझ्या शेतात एक काडी दाखवत होतं, ते बदलावं लागलं.

आता मेन गोष्ट, जी डब्ब्यावर कुठेच लिहिली नाही. हे बॅटरीवाले कॅमेरे सतत रेकॉर्डिंग करत नाहीत, ते झोपलेले असतात. समोर गरम अंगाचं काही हललं की सेन्सर त्याला उठवते, पंधरा सेकंदांची क्लिप होते, फोनवर टिंग वाजते अन् परत झोप. चोर पकडायला ठीक आहे हो. पण व्यायला आलेली घोडी काय करते, कोपऱ्यात जाऊन आडवी पडते अन् तिथंच कळा देत राहते, सेन्सरच्या हिशोबाने तिथं काहीच घडून नाही राहिलं. सेन्सिटिव्हिटी हाय केली तर उंदीर, चिमण्या, गायीची शेपटी सगळ्याची टिंग. लेन्ससमोर कोळ्याने जाळं विणलं तर चित्रात नुसता पांढरा धूर दिसते, दर दोन दिवसांनी फडक्याने पुसावं लागलं. अन् उन्हाळ्यात तर आपल्याकडे पारा 45 ला जातो, भिंतच जनावराच्या अंगाएवढी तापते, तेव्हा हा सेन्सर आणखी आंधळा होतो.

बोलायची सोय पण आहे, कॅमेऱ्यातून आपला आवाज जातो. पोराने पहिल्याच रात्री "चिमणेऽऽ" म्हणून हाक मारली अन् ती बिचारी दोन दिवस कॅमेऱ्याखाली यायलाच तयार नाही. दुसरं म्हणजे काही हललं की पांढरा फ्लॅश लागतो, तो सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा. घोडी बिचकली की कळा थोपवून धरते.

15 डिसेंबरला संध्याकाळी कास हाताने पाहिली, गरम अन् टणक, सडाच्या टोकावर मेणासारखे पिवळे थेंब वाळलेले. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणा, पाहायच्या पट्ट्या आणल्या होत्या, दोन थेंब टाकले तर 6.4 च्या आसपास रंग आला. इतका खाली आला म्हणजे एकदोन दिवसांतच. अन् मी शहाण्याने काय ठरवलं, पट्ट्या जुन्या असतील, अजून महिना आहे. घरी येऊन जेवून झोपलो.

रात्री 2 वाजून 52 मिनिटांनी टिंग. उघडलं तर आमचं कोठ्यातलं मांजर, गव्हाणीवरून उडी मारून चाललं होतं, त्या रात्रीची त्याची नववी टिंग. शिवी देऊन फोन ठेवणारच होतो तर फ्रेमच्या अगदी कडेला घोडीचे मागचे पाय दिसले, ताठ, अन् शेपटीखाली काहीतरी चमकून राहिलं होतं. सकाळी कार्ड पाहिलं तर 1:48 ते 2:52 मध्ये एकही क्लिप नाही, घोडी व्यायला लागलेली अन् कॅमेरा साहेब गाढ झोपेत. मांजर गेलं नसतं तर मी सकाळी दूध काढायलाच गेलो असतो.

गाडी काढली, जाता जाता बाजूच्या शेतात रानडुकरांसाठी जागलीवर असलेल्या चुलतभावाला फोन केला, तर तो माझ्या आधी पोचून टॉर्च धरून उभा, "दादा, दोन पाय दिसून राहिले, ओढू काय?" म्हटलं हात नको लावू. दोन पाय, एक थोडं पुढे एक मागे, वर नाक, अन् पडदा पांढरानिळा, म्हणजे बरोबर होतं. पडदा लाल मखमलीसारखा दिसला असता तर वार आधीच सुटली असं समजून लगेच फाडावा लागतो, नाहीतर शिंगरू आत गुदमरते, हे डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं. मिनीत डोकं मोठं अन् वाट लहान, म्हणून अडायची भीतीही जास्त. पंधरा मिनिटांत मोकळी झाली बिचारी.

313 वा दिवस. शिंगरू हातात घेतलं तर बोकडाच्या पिल्लाएवढं, केस रेशमासारखे बारीक, कपाळ फुगीर, कान कुत्र्याच्या पिल्लासारखे लोंबलेले अन् पाय खुराच्या वर मऊ, जसे रबराचे. कच्चं आल्याच्या या सगळ्या खुणा. धडधाकट शिंगरू तासाभरात उभं राहते अन् दोन तासांत प्यायला लागते, हे अडीच तासांनी उभं राहिलं, तेही दोघांनी धरून, अन् सड तोंडात घेऊन नुसतं पाहत बसलं.

माय गाडीवर मागं बसून आली, गोधडी अन् गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन, बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या अन् पोत्याने घासून घासून कोरडं केलं. मी चीक काढला, घट्ट पिवळा, अन् लहान पोरांच्या बाटलीने थोडा थोडा पाजला, मान वर न करता, आईखाली पिते तशीच. जबरदस्तीने ओतला की सरळ फुप्फुसात जातो. पण चिकाशिवाय चालत नाही, घोडीच्या पोटात असताना शिंगराला रोगाशी लढायची ताकद मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते, अन् आतडं ती ओढून घेते ते पहिल्या दिवसापुरतंच, त्यातही पहिले सहा-आठ तास खरे. नाळ आम्ही कापली नाही, आपोआप तुटली, मग डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पातळ पाण्यात बुडवली. वार दोन तासांत पडली. गायीची वार संध्याकाळपर्यंत लटकली तरी आपण वाट पाहतो, घोडीची तीन तासांच्या वर राहिली तर थांबायचं नाही, घोडी पाय धरते, म्हणजे खुरांना आतून सूज येऊन लंगडते, मरूही शकते.

सात वाजता डॉक्टर आले, नळीने अजून चीक दिला, दुसऱ्या दिवशी रक्त काढून तपासलं की चीक अंगी लागला की नाही. लागला होता. मग म्हणाले याला पळू द्यायचं नाही, गुडघ्याची बारकी हाडं अजून कच्ची आहेत, वजन पडलं की चेपतात अन् पाय कायमचे वाकडे होतात. तीन आठवडे त्याला खाटेएवढ्या जागेत आईजवळ ठेवलं. इथं मात्र कॅमेरा खूप कामी आला, हे मान्य करतो, कारण आता मी दर दोन तासांनी लाइव्ह उघडून पाहत होतो, प्यालं का, उठलं का, अन् बोलायच्या सोयीने घरून चुलतभावाला सांगता येत होतं "बाटली बदल रे". तो पहिल्यांदा दचकला, "आबे, कोठ्यात भूत शिरलं काय?"

तर घ्यायचा का? गाभण जनावरासाठी नका घेऊ हा टाइप. सतत रेकॉर्डिंगवाला घ्या, वायरचा, इन्व्हर्टर नाहीतर ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर, हजार-दीड हजार जास्त जातील. मैना मार्चमध्ये व्यायची आहे, तिच्यासाठी तसाच लावला अन् फोन उशाशी चालूच ठेवून झोपतो. दुधाची पट्टी शंभर-दोनशेची, ती आधी आणा अन् आणली तर तिच्यावर विश्वास ठेवा. सर्व्हिसचं म्हणाल तर कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "सर ॲप अपडेट करा".

जुना कॅमेरा आता तुरीच्या धुऱ्यावर खांबाला लावला आहे, रानडुकरं आली की बरोब्बर टिंग वाजते, तिथं त्याला चार स्टार. शिंगराचं नाव पोराने बोक्या ठेवलं आहे.