आधी शेततळं की आधी ठिबक?

सिन्नरच्या पूर्व भागात अडीच एकर असलेल्या माझ्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, अनुदान दोन्हीला आहे, पण पदरचे पैसे एकाचेच आहेत. आधी कशाचा अर्ज भरू?" मी त्याला उलट विचारलं, "तुझ्याकडे पाणी कुठून येतं?" माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर आहे.

आधी पैशाचं बोलू. ठिबक सिंचनाला केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्याला, ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात भर पडून हे अनुदान अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांवर जातं. पण ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही. वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार जास्तीत जास्त ७५,००० रुपये मिळतात. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायच्या प्लास्टिक अस्तराचा अर्ज निराळा. दोन्हीकडे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, आता शेतकरी ओळख क्रमांकासह. पूर्वसंमती हातात येण्याआधी जेसीबी लावलात किंवा नळ्या आणल्यात, तर अनुदान हातचं गेलं. आणि पैसे काम झाल्यावर, तपासणीनंतर खात्यात येतात. तोवरची सोय आपली आपण करायची. माझ्या वेळी रक्कम यायला इतका उशीर झाला की मधल्या काळात उसनवारी करावी लागली.

आता पाण्याचा हिशेब. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, बाजू उतरत्या असल्याने, सुमारे २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात. म्हणजे अडीच एकर हरभऱ्याला पावसाअभावी पीक वाचवणाऱ्या दोन संरक्षित पाण्याच्या पाळ्या देऊनही निम्मं पाणी उरतं. मात्र त्यातलं बरंच ऊन पितं. कडक उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर भरलेल्या तळ्यातून रोज सात हजार लिटर उडून जातं. शिवाय जमीन अडकते. पाण्याखाली नऊ गुंठे, बांध धरून अकरा-बारा. अडीच एकरवाल्याला ही जमीन जड जाते.

बोअरचं पाणी उपसून तळ्यात साठवणं मला मुळीच पटत नाही. जमिनीखाली झाकून असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, आणि त्यापायी शेजाऱ्याची विहीर आटवायची! शेततळं हे पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी आहे. उताराचं पाणी येत नसेल तर ते खोदूच नका. मुरमाड जमिनीत एक खड्डा घेऊन तो संध्याकाळी भरा आणि सकाळी बघा. रिकामा दिसला तर अस्तराशिवाय तळं टिकणार नाही. अस्तर टाकलंत तर तारेचं कुंपण आणि काठाला बांधून आत सोडलेला जाड दोर हवाच. त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. पोरंबाळं, जनावरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कुंपणाचे पैसे वाचवू नका, हात जोडून सांगतो.

ठिबकचं दुखणं वेगळं. ड्रीपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी पांढरा क्षार धरतो आणि ओळीतली चार झाडं मुकाट्याने सुकतात. फिल्टर धुणं, नळ्यांची टोकं सोडणं, क्षार काढायला नळ्यांतून आम्ल सोडणं, हे चुकवून चालत नाही. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात ते वेगळंच. त्याच क्षेत्रावर पुन्हा अनुदान सात वर्षांनीच मिळतं, म्हणून स्वस्त नळीच्या मागे लागू नका.

विहीर आहे, पण फेब्रुवारीत तळ गाठते, असं असेल तर आधी ठिबक. आहे तेच पाणी महिना-दीड महिना लांबतं, आणि कांदा, डाळिंबाला त्याचा खरा उपयोग होतो. ठिबकच्या अर्जाला सिंचनाच्या साधनाची नोंद लागते, आणि विहीर तुमच्याकडे आहेच.

भाच्याकडे विहीर नाही, पण डोंगराच्या अंगाचा ओघळ त्याच्या बांधावरूनच जातो. त्याला मी शेततळ्याचा अर्ज भरायला लावला, अस्तरासकट. ओघळाच्या तोंडाशी गाळ बसायला एक लहान खड्डा घ्यायचा, मगच पाणी तळ्यात घ्यायचं. तळं भरलं की पुढच्या वर्षी एका एकराला ठिबक.