पणजोबांचं पेपरातलं कात्रण मला वीस हजारांना पडलं

लिहू का नको करत दोन महिने घालवले. लाज वाटते हो, मी अकाउंट्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासतो आणि स्वतः मात्र असा गंडलो. पण परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं की जुन्या पेपरातून पूर्वजांची माहिती काढून देणारा कुणी माहितीये का, एक नंबर मिळालाय म्हणे. नंबर बघितला तर मला गंडवणाऱ्याचाच. म्हणून लिहितोय.

आमचं मूळ गाव रेवसच्या बाजूला. पणजोबा परळला गिरणीत होते आणि रामदास बोटीत गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यातली बरीचशी अमावस्येला घरी निघालेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा राहिला नव्हता. आमच्याकडे अजून गटारी करत नाहीत, त्या दिवशी घरात मटण येत नाही, लहानपणी आम्हाला त्याचा राग यायचा. पणजोबांची बॉडी मिळाली नाही, फोटो तर नव्हताच, मागे राहिली फक्त छत्री. ते ती खोलीतच विसरून निघाले होते आणि खोलीतल्या सोबत्याने नंतर गावी आणून दिली. ही छत्रीची गोष्ट आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे आली, बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाबा गेल्यावर मला एकदम वाटायला लागलं की पणजोबांचं नाव कुठेतरी छापलेलं असेल, ते शोधावं. त्याच सुमाराला आमच्या नात्यातले लोक कुणबी नोंदी शोधत होते, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आलेला, आणि त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या माणसाची जाहिरात फिरत होती. जुनी वृत्तपत्रं, जुने दस्त, वंशावळ, सगळं घरपोच. डीपीला पगडीवाल्या माणसाचं चित्र. फोन केला तर बोलणं इतकं गोड की विचारू नका. मला म्हणाला, दादा, तुम्ही पैशाचं राहू द्या, आधी मला पणजोबांबद्दल सांगा.

आणि मी सांगितलं. चाळीस मिनिटं सांगितलं. गिरणी, गाव, घरात कोण कोण होतं, छत्री, सगळं. वय विचारलं तर मला नक्की माहीत नव्हतं, मी आपलं अंदाजे बेचाळीस ठोकून दिलं. तो मध्येमध्ये फक्त अरेरे म्हणत होता. आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यावंसं वाटतं, कारण माल सगळा मीच पुरवला होता.

शोधायची फी दीड हजार. आठ दिवसांनी फोन, आवाजात धाप, दादा सापडलं! अलिबागच्या एका जुन्या साप्ताहिकाची फाइल म्हणे एका खाजगी संग्राहकाकडे आहे, तो फोटो काढू देत नाही, त्याला साडेसहा हजार द्यावे लागतील. दिले. दुसऱ्या दिवशी कात्रणाचा फोटो आला. पिवळा कागद, कडा करपल्यासारख्या, मधे घडी पडल्याची रेघ, आणि पणजोबांचं पूर्ण नाव. त्यांनी म्हणे प्रसंगावधान राखून अकरा जणांना फळ्यांवर चढवलं आणि मग स्वतः दिसेनासे झाले. निघताना ते आपली छत्री मुंबईच्या खोलीतच विसरले होते असंसुद्धा छापलेलं.

मी रडलो, खरं सांगतो. बायकोला वाचून दाखवताना आवाज फुटेना. छत्री पेपरात कशी आली हा प्रश्न तेव्हा डोक्याला शिवलाच नाही, उलट वाटलं बघा, बाबा सांगायचे ते खरंच होतं! मग त्याने मूळ कात्रण मिळवून देतो, सर्टिफिकेट आणि फ्रेमसकट, म्हणून अजून बारा हजार घेतले. फ्रेम मात्र आली, कुरियरने, वर काच आणि मागे गोल शिक्का. ती गावच्या घरात लावली, काकांनी हार घातला, चुलतभावाने फोटो चार ग्रुपवर टाकला.

फोडलं कुणी तर आत्याने. आत्या रिटायर्ड शिक्षिका, अलिबागला असते, पंचाहत्तरीच्या आसपास पण चष्म्याआडून अजून वह्या तपासल्यासारखंच बघते. फ्रेमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, अरे बाळा, टिंबं कुठायत? मला कळेना. तर ती म्हणे आमच्या शाळेत सुरुवातीला 'नाहीं', 'त्यांनीं', 'घरीं' असंच लिहायला लावायचे, टिंब चुकलं की मार्क जायचे, ते नियम बदलले १९६२ ला. आणि हा १९४७ चा पेपर आजच्यासारखा 'नाही' छापतोय, एक टिंब नाही कुठे? पुढच्याच ओळीवर बोट ठेवलं, 'रायगड जिल्ह्याचे सुपुत्र'. अरे रायगड तेव्हा होता का? कुलाबा जिल्हा होता, नाव बदललं १९८१ ला, मी शाळेतला बोर्ड रंगवून घेतलाय तेव्हा.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. घरी येऊन मोबाईलवर एकेक शब्द मोठा करून बघितला. वर लिहिलेलं 'गुरुवार, ता. १८ जुलै १९४७'. आता १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार होता हे कुणालाही सापडेल, तिथून मागे मोजा, १८ जुलै शुक्रवारच येतो, गुरुवारी तर बोट बुडाली. बातमीत 'बोटीवरून वायरलेस संदेश येताच' असं वाक्य होतं, आणि रामदास बोटीचं सगळ्यात मोठं दुखणंच हे की तिच्यावर वायरलेस नव्हता, पोहून आलेल्या माणसांकडून मुंबईला कळेपर्यंत दुपार झाली, तोवर रेवसकडच्या मचव्यांनी जमेल तेवढी माणसं काढली होती. ज्याने हे लिहिलं त्याला बोटीबद्दल माझ्या फोनपलीकडे काही माहीत नव्हतं. आणि वय बेचाळीस! नंतर ट्रंकेत पणजोबांचा शाळेचा दाखला मिळाला, जन्म १८९९, म्हणजे अठ्ठेचाळीसचे होते. माझी थाप त्याने जशीच्या तशी छापून मलाच विकली.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला जुन्या पेपरात छपाईच्या चुका असतातच दादा. मी म्हटलं पूर्ण पानाचा फोटो पाठव, शेजारची बातमी, जाहिराती, वरचं नाव दिसू दे. तर संग्राहक वारले म्हणे. त्यानंतर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पण पैसे जाऊन पाच आठवडे झालेले, खातं केव्हाच रिकामं. लगेच केली असती तर पैसे गोठवता आले असते असं सांगितलं. पोलीस ठाण्यात साहेबांनी फ्रेमचा फोटो बघून विचारलं, वस्तू तर मिळालीये ना तुम्हाला? त्यांचंही काय चुकलं. अजून एक जीवाला लागलेलं आहे, त्याने वारस नोंदीसाठी म्हणून माझं आधार आणि गावचा सातबारा मागितला होता. आधार मी पाठवलं. ते लॉक केलंय, सातबारा नशिबाने दिला नव्हता, पण आता दर महिन्याला ऑनलाइन उतारा काढून बघतो की फेरफार तर नाही ना पडला.

एवढं झाल्यावर मग हट्टाने स्वतः शोधलं, जे आधीच करायला हवं होतं. आपल्याकडे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, फोर्टात एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारी पुराभिलेख आहे. कुठे काय आहे ते आधी फोन करून विचारायचं आणि ओळखपत्र घेऊन जायचं, फीच्या नावाने हजारो रुपये कुणी मागत नाही. वेळ मात्र जातो. बांधीव फाइल उलटताना कागदाचा चुरा बाहीवर पडतो, झेरॉक्स करू देत नाहीत, फोटोला परवानगी लागते. त्या जुलैच्या पानांवर फाळणी, सीमा आयोग, रेशन, आणि मधेच बोट. टिंबं सगळीकडे, आत्या बरोबर होती. आणि खरी बातमी अशी छत्रीबित्री सांगत नाही, कोरडी असते, आकडा, बंदराचं नाव, चौकशी होणार वगैरे. मी तीन शनिवार बसलो. पणजोबांचं नाव कुठेच नाही मिळालं.

गावी जाऊन काकांना सांगितलं फ्रेम काढू या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टिंबं, रायगड, वायरलेस. मग म्हणाले, अकरा जण वाचवले ते खोटं आहे हे कुठे छापलंय का? मी गप्प. फ्रेम अजून तिथेच आहे, अमावस्येला हार बदलतात, आणि चुलतभावाने टाकलेला तो फोटो मागच्या महिन्यात मला एका अनोळखी ग्रुपवरून परत आला, खाली लिहिलेलं, रामदास बोटीचा दुर्मिळ पुरावा, जरूर शेअर करा.