ड्रॉबार गंजलेल्या ब्रॅकेटात जात नाही: ब्रॅकेट घासायचं, दांडा घासायचा की ब्रॅकेटच बदलायचं?

ट्रॅक्टरचा नवा ड्रॉबार, म्हणजे ट्रॉली ओढायचा मागचा दांडा, आणला, माप तंतोतंत तेच, तरी तो ज्यात सरकून बसतो त्या जुन्या ब्रॅकेटात अर्ध्यावर अडकतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे नेहमीचं. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात क्लोराइड असतं. गोणी सांडली, वर पाणी पडलं की लोखंड झपाट्याने गंजतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतली पोकळी आवळत जाते.

गॅरेजात बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो ग्राइंडरने नवा दांडाच बारीक करायचा. वीस मिनिटांचं काम, खर्च जवळपास नाही. "काही व्हत नही," म्हणतात. होतं. भरलेल्या ट्रॉलीची ओढ आणि झटके पेलायलाच ती जाडी दिलेली असते. आणि ब्रॅकेटातला गंज तसाच राहून फुगतो, मग पावसाळ्यानंतर दांडा निघता निघत नाही. दांड्यावरचा जाड रंग खरवडा, पुढच्या कडा कानसीने किंचित मोडा. त्यापुढे त्याला हात लावू नका. घणाने ठोकून बसवणंही असंच. जाईल आत, पण काढताना गॅस कटर लागेल.

ब्रॅकेट आतून घासणं हे वेळखाऊ, कंटाळवाणं काम, तरी सुरुवात इथूनच करावी. आधी छन्नीने पापुद्रे पाडा, मग ड्रिलला तारेचा ब्रश किंवा फ्लॅप व्हील (पॉलिश कागदाच्या पट्ट्यांचं चाक) लावा. कोपऱ्यांत मशीन पोचत नाही, तिथे लांब कानस. डोळ्यांवर चष्मा हवाच. संडासचं ॲसिड ओतू नका, सांध्यात उरलेलं ॲसिड पुढे लोखंड खातच राहतं. तापवायचं तर जवळचे ऑईल सील आणि हायड्रॉलिकचे पाईप आधी बघा. मधूनमधून दांडा सरकवून पाहा. हाताने सरकला की घासणं थांबवा, उगाच ढिला कशाला करायचा? शेवटी ग्रीसपेक्षा कॉपरची अँटी-सीझ (दांडा जाम होऊ न देणारी) पेस्ट बरी, ग्रीसवर धूळ जास्त धरते.

या घासण्यातच तपासणीही होते. पापुद्रा बोटभर जाड दिसला तरी तेवढं लोखंड गेलेलं नसतं, त्यामुळे घासण्याआधीच ब्रॅकेट भंगारात काढू नये. उलट स्वच्छ झाल्यावर पिनेचं भोक लांबट दिसलं, वेल्डिंगजवळ तडा दिसला किंवा हातोडीच्या टोकाने पत्रा दबला, तर मग कितीही घासून उपयोग नाही.

तेव्हा ब्रॅकेटच बदला. तिन्हींत महाग तेच. शक्यतो कंपनीच्या मापाचं, बोल्टने बसणारं घ्या, आणि बोल्टही कंपनीच्याच ग्रेडचे, म्हणजे तेवढ्याच ताकदीचे. गंजून गेलेल्या पत्र्यावर पट्टी वेल्ड करून काम भागवणारे जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर पुष्कळ दिसतात. रिकाम्या ट्रॉलीला ती पट्टी टिकते, उसाने भरलेलीला तिच्यावर भरवसा ठेवू नये.