बी-१२ कमी आलंय: सुई घ्यावी, गोळी घ्यावी की नुस्तेच (मासेच) वाढवावे?

आमच्या फोंड्याच्या मावशीच्या पायातून चप्पल निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. तळव्यांना मुंग्या, अंधारात भिंत धरून चालणं, तोंड धुताना डोळे मिटले की झोक जाणं. सगळं मधुमेहाच्या खाती जमा होत राहिलं. बी-१२ चं नाव निघालं तेव्हा घरचे हसले. सोमवार आणि श्रावण सोडला तर जिच्या ताटात रोज नुस्ते, तिला कसली कमतरता? रिपोर्टात आकडा आला १४०. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमीच.

म्हणून आधी गळती कुठे आहे ते बघा, ताटात की पोटात. बारमाही शिवराक (शाकाहारी) जेवणाऱ्या घरात ती बहुधा ताटात असते, कारण तिथे बी-१२ येतं ते दूध-दह्यातूनच. मावशीची गळती पोटात होती. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बारा वर्षं चालू, आणि तिच्यामुळे खाल्लेलं बी-१२ नीट शोषलं जात नव्हतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, वय वाढलं किंवा जठराचा आजार असला तरी हेच होतं. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे दुखणं उशिरा उघडं पडतं. तोवर नसांवरचं मायलिनचं वेष्टण विरायला लागलेलं असतं. पाय जमिनीवर कुठे टेकलाय हा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जातो. मार पहिला तिथे बसतो. काहींना विसराळूपणा येतो, काहींचा स्वभावच बदलतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

मुंग्या, बधीरपणा, तोल जाणं यांतलं काही असेल तर माझं मत सरळ सुईकडे. ती पोटाला वळसा घालून जाते. सुरुवातीला साधारण एक दिवसाआड, मग अंतर वाढवत नेतात. लाल औषध, टोचल्यावर चरचरतं, आणि प्रत्येक वेळी दवाखान्याची फेरी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना महिने लागतात. मावशीला आता चप्पल निसटलेली कळते, पण डावा अंगठा दीड वर्षानंतरही बधीरच आहे.

नुसता आकडा कमी आहे, त्रास काही नाही, तर गोळी पुरते. पोटाची यंत्रणा बिघडलेली असली तरी मोठ्या डोसातला जेमतेम एक टक्का आपोआप शोषला जातो: १००० मायक्रोग्रॅममधले १०. रोजची गरज दोन-अडीचचीच. अट एकच, गोळी चुकवायची नाही. सुई चुकली तर निदान दवाखान्यातून फोन येतो!

नुस्त्याचं म्हणाल तर तिसऱ्या (शिंपले) आणि बांगडा बी-१२ ने भरलेले. ताटातली गळती असेल आणि खायची तयारी असेल तर उत्तम, पण तेही आकडा सावरल्यावर टिकवण्यासाठी. पोटातली गळती तिसऱ्यांनी बुजत नाही. शिवाय जून-जुलैची मासेमारी बंदी आहेच.

एका गोष्टीची मात्र मला धास्ती वाटते: ‘अशक्तपणा आहे’ म्हणून आपणहून आणलेलं फॉलिक ॲसिड. त्याने हिमोग्लोबिन वर येतं, सगळे खूश होतात, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

काहीही निवडा, रक्त पहिल्या सुईच्या किंवा गोळीच्या आधी द्या. नंतर आकडा फुगलेलाच येतो, आणि मुळात किती कमी होतं हे डॉक्टरांनाही कळत नाही.